मुंबईची इमारत, ताडोबाचा वाघ

प्रश्न : आम्ही नागपूरहून आधी मुंबई आणि नंतर ताडोबा पाहणार आहोत. माझ्या फोटोंत इमारती मागे कललेल्या दिसतात आणि प्राणी पुसट येतात. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखी वास्तू रस्त्यापलीकडून, कॅमेरा सरळ धरून टिपावी आणि खाली आलेला रस्ता नंतर कापावा. सूर्यास्तानंतर आकाश गडद निळे असते तो थोडा वेळ अशा वास्तूंसाठी मला सर्वांत सुंदर वाटतो.

जंगलाचे गणित वेगळे आहे. पहाटे प्रकाश अपुरा असल्याने कॅमेरा आपोआप शटर मंद करतो, म्हणजे प्रकाश आत घेणारा पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि चालता वाघ पुसट होतो. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० किंवा त्याहून अधिक ठेवून शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद राखावा, कारण थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले मात्र सुधारत नाही. जिप्सीचे इंजिन बंद करण्याची विनंती गाइडला जरूर करावी, आणि तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. उन्हाळ्यात धूळ फार उडते, त्यामुळे लेन्स गाडीत बदलू नये. फ्लॅश मुळीच वापरू नये. प्राण्याची स्वस्थता आपल्या फोटोहून मोलाची आहे.