पन्नासच्या रिंगने पाय गरगरतील का?

प्रश्न : सुटे भाग जमवून रोड सायकल बांधतो आहे. फ्रेम, चाकं (७००×२५ चे टायर) आणि अकरा गिअरची ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरच्या ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच) आली. घोडं अडलंय पुढच्या चेनरिंगपाशी, म्हणजे पेडलजवळच्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चकत्यांपाशी. ५३/३९, ५२/३६ की ५०/३४? वय ४६, वजन ७६ किलो. आठवडाभर सपाट रस्ता, एकटाच, ताशी २६-२७ च्या वेगाने. रविवारी सहा किलोमीटरचा चढ, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर आठ टक्क्यांचा. तिथे दरवेळी दमछाक होते. सोबतचे म्हणतात, ५० घेतलीस तर उतारावर पाय नुसते गरगरतील, वेग काही वाढणार नाही.

उत्तर : आधी सोबत्यांची शंका मिटवू. तुमचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ५० आणि मागे ११ दाते असले की पेडलच्या एका फेऱ्यात चाक साडेचार वेळा फिरतं, म्हणजे साडेनऊ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारलेत तर वेग होतो ताशी ५१. पुढे ५३ असेल तर ५४ आणि थोडं वर. ताशी एवढ्या तीन किलोमीटरसाठी बाकी सगळी राइड जड करून घ्यायची? उतारावर पन्नाशी ओलांडली की मी तरी पेडल मारत नाही. हँडलच्या खालच्या वाकावर हात ठेवून अंग चोरून बसते.

खरा प्रश्न त्या शेवटच्या दीड किलोमीटरचा आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. ३९/२८ वर (पुढे ३९, मागे २८ दाते) मिनिटाला ६० फेरे टिकवायचे तर वेग साडेदहा हवा आणि आठ टक्क्यांवर त्याला २१० वॉटच्या आसपास ताकद लागते. ३४/२८ वर तेच ६० फेरे ताशी ९.२ ला पडतात, ताकद साधारण १८५. तुम्ही सपाटीवर २७ ने जाता तेव्हा लागते जेमतेम सव्वाशे. आता सांगा, चढावर दीड-पावणेदोनपट जोर किती वेळ काढाल? तेवढा निघाला नाही की फेरे पन्नासच्या खाली येतात, आणि मग कुरकुर गुडघा करतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं. माझ्या पहिल्या बांधणीत मी ५३/३९ लावली, मागे ११-२५. दिसायला झकास! पहिल्याच मोठ्या चढावर उतरून बुटाखालची क्लीट खटखटवत सायकल ढकलत होते. मागून एक आजोबा सामान लादलेल्या सायकलवर आरामात पाय फिरवत आले. ‘काय झालं?’ म्हणाले. मी बेधडक सांगितलं, ‘पंक्चर.’ ते बिचारे पंप काढायला थांबले.

तर ५०/३४ घ्या. पण तेवढ्यावर तुमचा चढ सुटेल असं नाही. माझ्या मते मागे ३२ दात्यांची चकतीही हवी : ३४/३२ वर ६० फेऱ्यांना ताशी आठचा वेग, १६० वॉट. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) अजून घेतला नसेल तर लांब पिंजऱ्याचाच, म्हणजे चेन धरणारी त्याची खालची पट्टी लांब असलेलाच, घ्या. आखूड पिंजऱ्याचे बरेच डिरेलर ३० दात्यांपुढे जात नाहीत. ११-२८ वापरून बघा, नाही जमलं तर नुसती कॅसेट आणि चेन बदलायची.

४६/३० हाही मार्ग आहे. ३०/२८ म्हणजे जवळपास ३४/३२ च, आणि ४६/११ वर ९० फेऱ्यांना ४७ चा वेग मिळतो, तो तुम्हाला पुरून उरेल. अडचण पुढच्या डिरेलरची. मोठी रिंग लहान झाली की तो खाली घ्यावा लागतो आणि फ्रेमवरच पक्का टेकू असेल तर तो तेवढा खाली सरकेलच असं नाही. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दात्यांवर एक ते तीन मिलिमीटर राहायला हवी. फ्रेम हातात आहे, मोजून बघा.

५०/३४ ची खोड सांगायलाच हवी. ५० वरून ३४ वर उतरलात की पाय एकदम मोकळे पडतात आणि लय मोडते. उतरतानाच मागे दोन-तीन गिअर जड करायची सवय लावा, आठवड्याभरात हात आपोआप करतील. ५२/३६ ने ही खोड जाईल म्हणून ती घेऊ नका, तिथेही फरक सोळाच दात्यांचा. ५२ त्यांनी घ्यावी जे घोळक्यात ३५ च्या वर तासन्‌तास जातात.

बसवताना मोठ्या रिंगच्या बाहेरच्या अंगाची छोटी खुंटी क्रँकच्या (पेडल जोडलेल्या) दांडीमागे येईल असं पाहा. चेन बाहेर पडली तर ती खुंटी तिला दांडीत अडकू देत नाही. मी एकदा ती उलट्या बाजूला लावली होती. दांडीवरचा ओरखडा अजून आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुना पाच बोल्टचा ५३/३९ क्रँक आहे, बोल्टचं वर्तुळ १३० मिलिमीटर. आतली रिंग तेवढी ३४ ची बसेल का?

उत्तर : नाही. त्या वर्तुळावर ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही, कारण चेनच्या वाटेत बोल्ट येतात. आणि एका दात्यासाठी ३८ घेण्यात काही अर्थ नाही. ३४ साठी ११० चं वर्तुळ लागतं, म्हणजे क्रँकच बदलावा लागेल. त्याआधी मागची कॅसेट मोठी करता येते का, ते डिरेलर पाहून ठरवा.