कायदा बदलायचा, तर बोलायचं कुठं?

प्रश्न : ताई, माझी बलात्काराची केस सेशन कोर्टात आहे, साक्ष अजून व्हायची आहे. तालुक्याला महिला मेळावा आहे. तिथं मी स्वतःच्या नावानं बोलावं, म्हणजे सरकारला जाग येईल, असं संघटनेतल्या बाया म्हणतात. मलाही बोलावंसं वाटते. केस बिघडेल काय? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : साक्ष होईपर्यंत घटनेबद्दल जाहीर बोलू नका. पोलिसांसमोरचा जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत आरोपीचा वकील तफावत शोधत असतो. मेळाव्यातलं भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतं आणि त्या वकिलाच्या हाती आणखी एक जबाब पडतो. बोलताना वेळ किंवा जागा इकडची तिकडे झाली, तर तेच वाक्य उलटतपासणीत तुमच्यापुढे येईल.

घटना न सांगताही बोलता येतं, आणि कायद्याच्या कामाला तेच जास्त उपयोगी पडतं. ठाण्यात किती वेळ बसवून ठेवलं? एफआयआरची प्रत मोफत मिळाली का? जबाब महिला अधिकाऱ्यानं, तुम्ही सांगाल त्या जागी घेतला का? खबर मिळाल्यापासून २४ तासांत, तुमच्या संमतीनं, वैद्यकीय तपासणीला पाठवलं का? हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्यात, लिहिलेलं आहे. तरीही मुद्दे आधी कागदावर उतरवून वकिलाला दाखवा. सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना मोफत वकील देतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

नावाचं वेगळं आहे. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ लागतं, आशय तोच. प्रौढ स्त्री स्वतःचं नाव देण्याची लेखी संमती देऊ शकते. ती नवऱ्यानं, भावानं किंवा संघटनेच्या अध्यक्षबाईंनी देऊन चालत नाही. घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २३ आडवं येतं, तिथं विशेष न्यायालयाची परवानगी हवी. दिलेलं नाव परत घेता येत नाही, म्हणून संमती लिहायची घाई करू नका. नाव झाकूनही गावाचं नाव, समाज, बापाचा धंदा सांगितला की आपल्याकडे तालुकाभर ओळख पटते. पोस्टर आणि बातमी या नजरेनं तपासा. बंद दालनातल्या कामकाजाबद्दल कोर्टाच्या परवानगीशिवाय काही छापणं हा कलम ७३ खाली वेगळा गुन्हा आहे. उलटतपासणीत काय विचारलं, ते व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या बचत गटानं "कडक कायदा करा, फाशी द्या" असं निवेदन दोनदा दिलं. काहीच झालं नाही. आमचं चुकते कुठं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मागणी इतकी मोठी आहे, की ती कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. तहसीलदार वर पाठवतात आणि फाइल बंद होते. आधी पहा, खटले नेमके कुठं मोडतात. आमच्या मते ते बहुतेक वेळा शिक्षा कमी असल्यामुळे मोडत नाहीत. ते पहिल्या काही दिवसांत, ठाण्यात आणि दवाखान्यात मोडतात.

याचं मोठं उदाहरण विदर्भातलंच आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून नेमकं याच तर्कावर बोट ठेवलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात स्त्री "संमती नव्हती" म्हणाली, तर न्यायालयानं तेच गृहीत धरायचं. ओळख उघड करणं गुन्हा ठरलं, तेही त्याच दुरुस्तीनं. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. कायदा बदलला की आपली केस सुधारेल, असं आश्वासन कुठल्याही पीडितेला देऊ नका.

तुम्ही एकच दुवा निवडा. समजा पीडितेच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल. डॉक्टरांनी तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. ग्रामीण रुग्णालयाकडे माहिती अधिकारात मागा: गेल्या वर्षी अशा तपासण्या किती झाल्या, किती अहवाल मुदतीत गेले, महिला वैद्यकीय अधिकारी किती. अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "अशी माहिती संकलित नाही" हे उत्तर हमखास येतं. म्हणून आकड्यांसोबत नोंदवहीच्या पानांची प्रतही मागा, आणि नावं झाकून द्या असं स्वतःहून लिहा, नाहीतर गोपनीयतेचं कारण पुढे करून सगळंच नाकारतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील करा.

मग दार निवडा. नियम आहे पण पाळला जात नाही, तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा पोलीस अधीक्षक. महिला ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नियमच अपुरा असेल, तर आमदार, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन. मोर्चाच्या शिष्टमंडळाला मंत्र्यांपुढे थोडीच मिनिटं मिळतात, तेव्हा निवेदन एका पानाचं ठेवा. तिसरं दार न्यायालयाचं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक अभ्यासाच्या आधारानं २०१० मध्ये नागपूर खंडपीठात याचिका झाली. अशा तपासण्या किती सदोष होतात, हे त्या अभ्यासानं मांडलं होतं. "दोन बोटांची चाचणी" (पीडितेच्या योनीत बोटं घालून केलेली तपासणी) करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. तुमच्या दवाखान्याच्या छापील फॉर्मवर तो रकाना अजून आहे का, हे एका चकरेत कळेल.

प्रश्न : माझी बहीण कार्यक्रमात बोलून आली की दोन-तीन रात्री झोपत नाही. तिला थांबवू काय? (वर्धा जिल्हा)

उत्तर : तुम्ही थांबवू नका, तिला विचारा. बोलणं हा बरं होण्याचा एक मार्ग असू शकतो, पण ते तिच्यावर कुणाचं देणं नाही. पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, आठवड्यात कार्यक्रम घेऊ नका. आयोजकांना आधी सांगा: श्रोत्यांचे प्रश्न नाहीत, चित्रीकरण नाही, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. सोबत तिच्या पसंतीचं एक माणूस हवं, आणि तिनं ठरवलेली खूण दिसली की त्यानं कार्यक्रम थांबवायचा. अर्ज लिहिणं, आकडे गोळा करणं हेही याच चळवळीचं काम आहे, ते घरी बसून होतं. झोप पंधरा दिवस उडालेली राहिली किंवा जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या.