कूपरेजचं टर्फ, अंधेरीचं गवत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील सांगतात, त्यांच्या तरुणपणी रोव्हर्स चषकाच्या फुटबॉलसाठी कूपरेजचं मैदान तुडुंब भरायचं. आता मोठा सामना म्हटला की अंधेरी नाहीतर नेरुळ. कूपरेज मागे का पडलं? (गिरगाव)

मुख्य कारण जागा. चहूबाजूंनी दक्षिण मुंबई दाटलेली, त्यामुळे स्टँड वाढवायचे कुठे? आज तिथे पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. टीव्हीवरच्या लीगला एवढ्यावर भागत नाही.

रोव्हर्सचं बंद पडणं मात्र मैदानाच्या माथी मारू नका. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा पहिली कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचीच होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी ती मक्तेदारी मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस चषक घेऊन गेले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि जुन्या चषकांना तारखा मिळेनाशा झाल्या. रोव्हर्स शेवटची झाली ती २०००-०१ च्या मोसमात.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचं म्हणाल, तर १९५५ मध्ये सोव्हिएत संघाने कूपरेजवर भारताला ३-० ने हरवलं. त्यानंतर भारतीय संघ मुंबईत खेळला तो थेट ३ सप्टेंबर २०१६ रोजी, अंधेरीला. प्वेर्तो रिकोवर ४-१ असा विजय मिळाला.

तरीही कूपरेज रिकामं नसतं. स्थानिक लीग आणि शालेय सामने तिथे होतात, आणि ते कृत्रिम टर्फमुळेच झेपतं. खऱ्या गवतावर दिवसात तीन-चार सामने लावले, तर आठवडाभरात गोलसमोर माती दिसू लागेल.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेकडून कूपरेजवर खेळणार आहे. दुकानदार म्हणतो, एफजी बूट घ्या, सगळीकडे चालतात. घेऊ का? (मुलुंड)

नको. एफजी म्हणजे कोरड्या, घट्ट पण खऱ्या गवताच्या मैदानाचे बूट. त्यांचे स्टड, म्हणजे तळाचे उंचवटे, थोडे आणि लांब असतात. मातीत स्टड रुतला तरी जोर आल्यावर माती सुटते आणि पाय फिरतो. टर्फचे धागे आणि त्यांच्यामध्ये भरलेलं रबर तसे सुटत नाहीत. पाय जागच्या जागी धरला जातो, शरीर मात्र वळतं, आणि तो पीळ घोट्यावर नाहीतर गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. पात्यासारखे चपटे स्टड असतील तर धोका आणखी वाढतो.

टर्फसाठी एजी घ्यावेत. त्यांचे स्टड आखूड, गोल आणि संख्येने बरेच असतात, त्यामुळे भार पसरतो. लहान मापात एजी पटकन मिळत नाहीत. तेव्हा बारीक रबरी टिकल्यांचे टीएफ बूट चालतील. ओल्या टर्फवर ते थोडे घसरतात, पण घसरणं परवडलं, अडकणं नाही. धातूच्या टोकांचे एसजी घालून टर्फवर पाऊलही टाकू देत नाहीत.

बूट सामन्यातले जाड मोजे घालूनच मापून पाहा. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठा घेतलात, तर आत पाय सरकतो आणि नखं काळी पडतात. शिनगार्ड (नडगीवरचं कवच) नियमानेच लागतात. दुपारचा सामना असेल तर लक्षात ठेवा, उन्हात टर्फचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो. पाणी मारलं तरी थोड्या वेळात पुन्हा तापतो. घसरून खरचटलं, तर पट्टी बांधण्याआधी साबण-पाण्याने रबराचे कण पूर्ण काढा. आत राहिले की जखम चिघळते.

प्रश्न : आमच्या क्लबचं टर्फ तीन पावसाळे झाले तरी दिसायला ठीक आहे, पण यंदा एका बाजूला पाणी साचतंय. कंत्राटदार म्हणतो, खालचे पाइप बदला. (ठाणे)

पाइपांना हात लावण्याआधी एक बादली पाणी घ्या. जिथे साचतं तिथला ताटाएवढा भाग निवडा आणि धाग्यांमधलं रबर-वाळूचं भरण हाताने उकरून बाजूला करा. मग तिथे पाणी ओता. झरझर खाली गेलं, तर दोष भरणात आहे. धूळ, कुजलेली पानं आणि तुटके धागे मिळून त्याचा गाळ होतो आणि पाणी अडतं. आपल्याकडे बहुतेक वेळा हेच निघतं. उकरूनही पाणी तसंच उभं राहिलं, तर टर्फच्या गालिच्याच्या तळाची भोकं बुजलीत किंवा खालचा खडीचा थर बसलाय. अशा वेळी तेवढ्या भागातला गालिचा उचलावाच लागतो.

भरणाचा दोष असेल तर ते सैल करून, वरचा घाण झालेला थर काढून नवं रबर टाका. साधारण ५० मिमी उंचीच्या धाग्याचा १५ ते २० मिमी भाग भरणाच्या वर मोकळा दिसायला हवा. पट्टी घेऊन दहा-बारा ठिकाणी मोजा. पेनल्टीच्या ठिपक्यावर आणि गोलतोंडाशी भरण हमखास खाली गेलेलं सापडेल. कोपऱ्यांत त्याचा ढीग असेल. साचलेलं पाणी कडक वायपरने लोटणाऱ्या उत्साही माणसाला आवरा. पाण्याबरोबर रबरही कडेला जातं ते त्याच्याच कृपेने. जोरदार फवाऱ्याचं यंत्रही जवळून मारू नये.

भरण घट्ट झालंय का, हे चेंडूच सांगतो. नीट हवा भरलेला चेंडू दोन मीटरवरून सोडा. फिफाच्या साध्या दर्जाला उसळी ६० सेंमी ते १ मीटर लागते. त्याहून वर गेला, तर खालचं कठीण झालंय.

ब्रश दर आठवड्याला, दर वेळी दिशा बदलून.

प्रश्न : अंधेरीचं मैदान टर्फचं आहे का? जायचं कसं? (विरार)

शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातलं हे मैदान खऱ्या गवताचं आहे. मुंबई सिटी या क्लबचे घरचे सामने २०१६ पासून तिथे होऊ लागले. अंधेरीला उतरून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडा आणि आझाद नगरला उतरा. तिथून चालत जाता येतं. पावसाळ्यात गवताचं काय होतं, ते ४ जून २०१८ च्या केनियाविरुद्धच्या सामन्यात दिसलं. सुनील छेत्रीचा तो शंभरावा सामना भर पावसात झाला. भारत ३-० ने जिंकला, पण पाण्यात चेंडू अडत होता. ओल्या मातीत मुळांची पकड सुटते आणि एका घसरणीत गवताचा अख्खा तुकडा निघतो.

प्रश्न : शाळेच्या मैदानावर फुटबॉलच्या रेषा आखतो, पण चौकोन तिरका येतो. (कुर्ला)

कोपरा डोळ्यांनी काटकोनात धरल्याने असं होतं. कोपऱ्यात खुंटी ठोका. एका रेषेवर ३ मीटरला आणि दुसरीवर ४ मीटरला खूण करा. दोन्ही खुणांमध्ये बरोबर ५ मीटर भरले की कोपरा काटकोनात आला. चारही बाजू झाल्या की कर्ण मोजा. ९० बाय ६० मीटरच्या मैदानाचे दोन्ही कर्ण १०८.१७ मीटर यायला हवेत. टेप कापडी नको, ताणली की लांबते.

पेनल्टी क्षेत्राची चूक वेगळी. १६.५ मीटर हे गोलच्या मध्यापासून नव्हे, खांबाच्या आतल्या कडेपासून मोजतात. सोपं म्हणजे गोलच्या मध्यापासून दोन्हीकडे २०.१६ मीटरला खूण करा. छोट्या गोल क्षेत्रासाठी ९.१६ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर आणि तिथूनच ९.१५ मीटरची दोरी धरून कमान. रेषेची रुंदी १२ सेंमीपेक्षा जास्त नको. गोलरेषा आणि खांब एकाच जाडीचे हवेत.

फक्कीसाठी खडूची पूड वापरा. भिंतीला लावायचा चुना ओल्या कातडीला भाजतो, आणि गोलरक्षकाचं तोंड दिवसभर त्या रेषेजवळच असतं.