मुलाचा मसुदा मुलाकडेच राहू द्या

स. न. वि. वि.

आपले पत्र आणि सोबत जोडलेले दोन्ही मसुदे वाचले. पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलाला इंग्रजी लेखनाच्या विषयासाठी 'प्रॉब्लेम-सोल्यूशन पेपर', म्हणजे एखादी समस्या मांडून तिच्यावर उपाय सुचवणारा निबंध, लिहायचा आहे. त्याचा पहिला मसुदा दोन वर्गमित्रांनी तपासला, त्यांचे शेरे आपल्याला खोचक वाटले, म्हणून आपण एका परिचितांकडून तो संपूर्ण नव्याने लिहून घेतला. पुढे परदेशी जायचे असल्याने आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास आतापासून लावावा का, असे आपण विचारता. एवढ्यात लावू नये. त्या परीक्षेतील दुसऱ्या लेखनप्रश्नासाठी साधारण ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात आणि समस्या व उपाय हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. हा पेपर ज्याने स्वतः लिहिला, त्याची निम्मी तयारी तिथेच होते.

मला काळजी वाटली ती आपल्या पत्राची. एवढ्या सविस्तर पत्रात मुलाला स्वतःला काय वाटते, हे कुठेच आलेले नाही. त्याचा पहिला मसुदा व्याकरणाच्या चुकांनी भरलेला आहे, हे खरे. पण परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयात बसायला जागा मिळत नाही आणि कितीतरी खुर्च्यांवर माणसांऐवजी नुसत्या बॅगा असतात, हे त्याने स्वतः पाहून लिहिले होते. उपाय म्हणून त्याने नवी अभ्यासिका बांधावी असे सुचवले. त्यावर वर्गमित्राने विचारले की, खुर्च्या कमी आहेत की अडवलेल्या आहेत, आणि अडवलेल्या असतील तर नव्या अभ्यासिकेतही लोक बॅगा ठेवणार नाहीत कशावरून? आपल्याला खोचक वाटलेला हा शेरा माझ्या मते त्या कागदांवरील सर्वांत मोलाची ओळ आहे. उलट, आपल्या परिचितांनी सुधारलेल्या मसुद्यात एकही बॅग उरलेली नाही. तिथे 'वाढती विद्यार्थिसंख्या' आणि 'शिक्षणाचे बदलते स्वरूप' आले आहे आणि उपाय म्हणून 'जनजागृती' सुचवली आहे. इंग्रजी निर्दोष झाले, पण पेपर पोकळ झाला.

या प्रकारच्या लेखनाची घडण फार गुंतागुंतीची नाही. मायकेल होई या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात तिचे सविस्तर विश्लेषण केले. आधी परिस्थिती, मग समस्या, मग तिच्यावरील उपाय आणि शेवटी त्या उपायाचे मूल्यमापन, अशा चार पायऱ्या त्याने दाखवल्या. विद्यार्थी बहुधा शेवटच्या पायरीवर घसरतात, कारण उपाय सुचवला की काम संपले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात उपाय समस्येच्या कारणाला भिडतो का, तो कोण राबवणार, त्याचा खर्च कोण उचलणार आणि त्यातून नवी अडचण कोणती उभी राहणार, यांची उत्तरे दिल्याशिवाय पेपर पुरा होत नाही. वर्गमित्राने नेमके पहिल्या प्रश्नावर बोट ठेवले होते.

"ज्याचे इंग्रजी माझ्या मुलाहून कच्चे, तो काय तपासणार?" असे आपण लिहिले आहे. हा गैरसमज अनेक पालकांचा असतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सहाध्यायाने मसुदा तपासायचा म्हणजे स्पेलिंग दुरुस्त करायचे नसतात. वाचताना आपण कुठे अडखळलो आणि कोणता दावा पटला नाही, हे नेमके सांगायचे असते, आणि त्यासाठी भाषापंडित असावे लागत नाही. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणारे ९१ विद्यार्थी होते. त्यांतील काहींनी सत्रभर केवळ इतरांचे लेखन तपासले आणि काहींनी केवळ मिळालेल्या शेऱ्यांचा उपयोग कसा करायचा याचा सराव केला. सत्राच्या शेवटी तपासणाऱ्यांचे लेखन अधिक सुधारलेले आढळले, आणि त्यांच्यातही कमी प्रावीण्य असलेल्यांची प्रगती जास्त होती. तेव्हा "दुसऱ्यांच्या मसुद्यावर नुसते 'छान आहे' लिही, स्पर्धकांना कशाला शिकवतोस" हा जो सल्ला आपण मुलाला दिलात, त्याने नुकसान झाले ते त्याचेच. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपल्या नावावर देणे विद्यापीठांत गैरप्रकार मानले जाते. उद्या प्राध्यापकांनी एखाद्या परिच्छेदाविषयी त्याला विचारले, तर तो काय उत्तर देईल?

म्हणून परिचितांचा मसुदा बाजूला ठेवा आणि मूळ मसुदा मुलाला परत द्या. आपण यापुढे त्याचा पेपर वाचूही नये, असे मी स्पष्टच सांगतो. त्याने प्रत्येक शेऱ्यापुढे तो मान्य आहे की नाही आणि का, हे एकेका वाक्यात लिहावे. सगळेच शेरे मान्य करायचे नसतात. दुसऱ्या मित्राने सुचवलेला दंडाचा उपाय 'दंड वसूल कोण करणार?' या मुद्द्यावर खुशाल नाकारता येईल. व्याकरण सर्वांत शेवटी पाहावे आणि गरज वाटल्यास प्राध्यापकांना विचारावे. मात्र त्याआधी त्याने एक दिवस ग्रंथालयात बसून दर तासाला किती खुर्च्यांवर माणसे आहेत, किती खुर्च्यांवर बॅगा आहेत आणि किती रिकाम्या आहेत, हे मोजून लिहून ठेवावे. या मोजणीला आपण त्याच्यासोबत जाऊ नये.