ठाण्यात क्वाडवर सोलो डान्स करणाऱ्या मुलीला आइस डान्समध्ये करिअर करता येईल का?

तुमची मुलगी १० वर्षांची आहे, ठाण्यात क्वाड स्केट्सवर (पुढे दोन, मागे दोन चाकांच्या) सोलो डान्स करते आणि टीव्हीवर आइस डान्स, म्हणजे बर्फावरचा जोडीचा नाच, पाहिल्यापासून तिला तेच करायचंय. घर न सोडता ती कुठवर जाईल आणि पैसे आधी कशावर घालायचे, हे तुम्ही विचारलंय.

स्पष्टच सांगायचं तर पाया ठाण्यात घालता येतो, करिअर ठाण्यात होत नाही. ६० बाय ३० मीटरचा खऱ्या बर्फाचा रिंक ठाण्यातही नाही, नवी मुंबईतही नाही. मॉलमधले छोटे रिंक बऱ्याचदा प्लास्टिकच्या पत्र्यांचे असतात. त्यावर ब्लेड नीट घसरत नाही, धार लवकर बोथट होते आणि मूल पाय ओढत चालायला शिकतं. मजेसाठी एकदा न्या, सरावासाठी नको.

तरीही १३ वर्षांपर्यंतचा काळ वाया जात नाही, कारण आइस डान्समध्ये गुण उड्यांना नसतात. एका फेरीपेक्षा मोठी उडी इथे चालतच नाही. लिफ्टमध्ये पुरुषाचे हात डोक्याच्या वर गेलेले चालत नाहीत, साधी लिफ्ट ७ सेकंदांच्या आत संपवावी लागते. सगळा भर एज (ब्लेडच्या एकाच धारेवर कलून जाणं), वळणं, ताल आणि जोडीतलं अंतर यांवर. यातल्या पहिल्या तीन गोष्टी चाकांवर बऱ्यापैकी तयार होतात, पण क्वाडच्या काही सवयी आत्ताच मोडायला हव्यात.

क्वाडचा ट्रक (चाकांची जोडी बसवलेला धुरा) दाबला की स्केट वळतो, चारही चाकं जमिनीवरच राहतात. त्यामुळे शरीर न झुकवताही गोल वळण दिसायला छान येतं. ब्लेड जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असतं, खालून मधोमध खोबण आणि दोन्ही कडांना धार. घोट्यापासून खांद्यापर्यंत सगळं शरीर एका रेषेत कलल्याशिवाय त्यातली एकच धार बर्फात रुतत नाही. दोन्ही धारा टेकल्या तर त्याला फ्लॅट म्हणतात. वळणाच्या आधी किंवा नंतर फ्लॅट आला, तर स्पर्धेत घटक तपासणारं टेक्निकल पॅनेल ते वळण धरत नाही आणि अख्ख्या स्टेप सीक्वेन्सची (पावलं-वळणांच्या सलग मालिकेची) लेव्हल, म्हणजे काठिण्यपातळी, घसरते.

दुसरी सवय पंज्याने ढकलण्याची. ब्लेडच्या टोकाला दात असतात, त्यांना टो पिक म्हणतात. पंज्याने ढकललं की तेच बर्फाला लागतात, वेग जातो आणि मागे ओरखडे उमटतात. ढकल नेहमी ब्लेडच्या कडेने, बाजूला. तिसरं म्हणजे वळणाची जागा. ब्लेड लांबीला किंचित बाकदार असतं आणि थ्री टर्न (एका पायावर दिशा बदलणारं, ३च्या आकाराचं वळण) पिकच्या जरा मागच्या भागावर होतो. क्वाडवरून आलेली मुलं तिथे वजन नेण्यासाठी कमरेतून वाकतात, पिक अडकतो आणि तोंडावर पडतात. वजन गुडघा आणि घोटा वाकवून पुढे न्यायचं, कंबर तशीच ठेवून.

म्हणून पहिला खर्च इनलाइन फिगर फ्रेमवर करा. ही फ्रेम फिगर बुटाला बसते, मधली चाकं किंचित खाली असतात म्हणून ब्लेडसारखा बाक मिळतो आणि पुढे पिकच्या जागी रबर असतं. क्वाड सोडायची गरज नाही, स्पर्धा त्यावर चालू राहू द्या, पण आठवड्यातले निदान तीन सराव इनलाइनवर हवेत. जागा गुळगुळीत लागते. पेव्हर ब्लॉकवर काहीच जमणार नाही. सोसायटीचं झाकलेलं पोडियम पार्किंग उत्तम, कारण जून ते सप्टेंबर उघडे रिंक पाण्याखाली असतात. गुळगुळीत, निसरड्या फरशीवर जरा मऊ चाकं घ्या, पकड असलेल्या काँक्रीटवर कडक.

सराव असा: खडूने २० मीटरची सरळ रेष आखा. तिच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून सुमारे अडीच मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, एक उजव्या पायावर, एक डाव्या. पुढे जाताना बाहेरची एज, मग आतली, मग मागे जाताना दोन्ही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १३८ ठोक्यांवर लावा, डच वॉल्ट्झ या नवशिक्यांच्या ठरीव आइस डान्सची लय हीच आहे. प्रत्येक अर्धवर्तुळ सहा ठोके धरायचं आणि पाय बदलायचा तो 'एक'वरच. बहुतेक मुली पाचव्या ठोक्याला घाई करतात, कारण मोकळा पाय शरीराजवळ यायच्या आधीच तोल सुटतो. फोन घोट्याच्या उंचीवर ठेवून चित्रीकरण करा, एज खरी की खोटी ते तिथूनच दिसतं. हे चारही प्रकार स्वच्छ झाल्याशिवाय ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, चॉक्टॉ या अवघड वळणांच्या मागे लागू नका. ट्विझल सगळ्यात शेवटी. ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत राहून घेतलेल्या सलग गिरक्या. जागीच फिरलं तर ती ट्विझल धरली जात नाही.

नाचाचा क्लास कुठला, हेही विचारलंत. ठाण्यात कथक आणि भरतनाट्यम दोन्ही सहज मिळतं. एकच घ्यायचं असेल तर भरतनाट्यम घ्या. अर्धमंडलात वाकलेले गुडघे तासभर टिकवण्याची ताकद थेट कामी येते. कथकच्या चकरा आणि लयीची समज मोलाची आहे, पण तत्कार (पायांचं काम) ताठ गुडघ्यावरचा असतो. शिवाय बॉलरूमचा क्लास लावा, आठवड्यातून एकदा पुरे. जोडीदाराला नुसतं धरणं वेगळं आणि हाताच्या दाबातून दिशा ओळखणं वेगळं, हे तिथे कळतं. आपलं नृत्य बर्फावर परकं वाटेल अशी शंका असेल तर मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीचा २०१०चा ओरिजनल डान्स (तेव्हाची स्पर्धेतली एक फेरी) पाहा. तो पूर्ण भारतीय शैलीचा होता आणि त्या वर्षी व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्यांना रौप्य मिळालं.

आता बर्फ. देशात पूर्ण आकाराचा रिंक देहरादूनला आहे, २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला. अनेक वर्षं बंद राहून तो २०२५मध्ये पुन्हा सुरू झाला. तिकीट काढण्याआधी सरावाच्या वेळा फोन करून पक्क्या करा. दुसरा सोयीचा पर्याय दुबई. सुट्टीत एकदाच महिनाभर जाण्यापेक्षा वर्षात तीन-चार वेळा (पहिल्या वर्षी दोनदा) दहा-दहा दिवस गेलेलं बरं, म्हणजे चुका घेऊन परत चाकांवर येता येतं. पहिले दोन दिवस फक्त थांबणं आणि पडणं शिकू द्या. चाक आडवं घसरत नाही, ब्लेड घसरतं, त्यामुळे थांबण्याचं तंत्र पूर्ण नवीन असतं.

डान्स ब्लेड आत्ता घेऊ नका. त्याची शेपटी आखूड असते, अगदी जवळून स्केटिंग करताना जोडीदाराच्या ब्लेडला लागू नये म्हणून. नवशिक्या मुलीला मागे जाताना त्या शेपटीचा आधार लागतो. साधं फिगर ब्लेड आणि मध्यम कडक बूट घ्या. फार कडक बुटात घोटा वाकतच नाही, आणि घोटा वाकला नाही तर एज नाही. आपल्या दमट हवेत ओलं ब्लेड एका रात्रीत गंजतं. पुसून कापडी सोकर (ओल शोषणारं आवरण) चढवा, प्लास्टिकचे गार्ड घालून बॅगेत कधीच ठेवू नका. धार मात्र रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका. तो खोबणच घासून टाकेल आणि ब्लेड कायमचं जाईल. २० ते ३० तासांच्या सरावानंतर धार लावावी लागते, ती रिंकवरच लावून घ्या.

खरी अडचण पुढे आहे, जोडीदाराची. मुलगे जगभर कमी पडतात, आपल्याकडे तर जवळपास नाहीतच. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोयर १९९७मध्ये लहानपणी एकत्र आले आणि २०१० व २०१८ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, पण असं क्वचित घडतं. अमेरिकेचा इव्हान बेट्स २०१०च्या ऑलिंपिकला वेगळ्या जोडीदारासह गेला होता, मॅडिसन चॉकबरोबर तो २०११पासून आहे आणि २०२३, २०२४, २०२५ असं सलग तीनदा जगज्जेतेपद त्यांना मिळालं. म्हणजे विशीत जोडी जुळली तरी उशीर झाला असं नाही. तोवर सोलो आइस डान्स करत राहायचं. परदेशातले प्रशिक्षक ट्रायआउटला (जोडी जुळते का याच्या चाचणीला) बोलावतात तेव्हा एज, वेग आणि उंचीतला फरक पाहतात, पदकं नंतर.

नागरिकत्वाचा हिशेब आधीच समजून घ्या. जागतिक स्पर्धेत जोडीतला एक जण त्या देशाचा असला तरी चालतं. ऑलिंपिकला दोघंही त्याच देशाचे नागरिक लागतात आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी मुलाबरोबर भारतासाठी ऑलिंपिकला उतरायचं तर त्याला आपला पासपोर्ट सोडावा लागेल, आणि त्याच्या देशाकडून उतरायचं तर हिला. जोडी जमवतानाच हे दोन्ही घरांनी बोलून घ्यावं.

ज्युनियर गटाला हंगामाआधीच्या १ जुलैला १३ पूर्ण लागतात, सिनियरला १७. तेव्हा बाहेर पाठवायचं की नाही हा निर्णय साधारण बारा-तेराव्या वर्षी घ्यावा लागेल. त्या आधी वर्षभर तिचे मागच्या एजचे व्हिडिओ एखाद्या परदेशी प्रशिक्षकाला पैसे देऊन तपासून घ्या, त्यांचं मत इथल्या शंभर टाळ्यांपेक्षा उपयोगाचं. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, त्यात परीक्षेच्या वेळा जुळवता येतात. बक्षिसाच्या पैशांवर संसार चालत नाही, ती रक्कम दोघांत वाटली जाते आणि प्रशिक्षण, बर्फाचं भाडं, कपडे यांतच संपते. स्पर्धेनंतरचं उत्पन्न येतं ते प्रशिक्षण, नृत्यरचना, आइस शो आणि रिंक असलेल्या क्रूझ जहाजांवरच्या कार्यक्रमांतून, आणि त्या सगळ्यांसाठीही आधी स्वच्छ एजच पाहिली जाते. पहिल्या वर्षाचं बजेट म्हणून इनलाइन फ्रेम, चांगले बूट, साधं ब्लेड आणि बर्फावरच्या सरावासाठी दहा दिवसांच्या दोन वाऱ्या एवढंच धरा. झगमगीत ड्रेस आणि महागडं ब्लेड दोन्ही थांबू शकतात.