पहिलीचा प्रवेश: बोर्ड आधी पाहावे की अंतर?

प्रश्न: आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. नातेवाईक गंगापूर रोडवरील एका सीबीएसई शाळेचा आग्रह धरतात. तिथे बससह वर्षाला सव्वा लाख रुपये लागतील. घराजवळच्या राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळेत पंचेचाळीस हजारांत भागते. पहिल्या शाळेने मुलीची चाचणी व आमची मुलाखत ठेवली असून ‘विकासनिधी’ही मागितला आहे, पण त्याची पावती मिळणार नाही असे तोंडी सांगितले. कोणती शाळा निवडावी?
– एक पालक, नाशिक

उत्तर: निवडीआधी चाचणी आणि निधी यांचा विचार करू, कारण त्यांतूनच त्या शाळेचा कारभार बराचसा कळतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही; तसे केल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेव्हा ही शाळा त्यांपैकी आहे का, ते विचारून घ्यावे. मात्र बिनपावतीची देणगी कोणत्याच शाळेला घेता येत नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे. पैसे मागणाऱ्याला ‘पावती द्या’ एवढेच लेखी कळवावे. पुष्कळदा मागणी तिथेच थांबते.

आता बोर्डाविषयी. सहा वर्षांच्या मुलीसाठी हा प्रश्न नातेवाइकांना वाटतो तेवढा मोठा नाही. पहिली-दुसरीत वाचन, लेखन आणि अंकज्ञान पक्के होणे महत्त्वाचे असते, आणि ते पाठ्यपुस्तकावर छापलेल्या नावापेक्षा वर्गातील बाईंवर अधिक अवलंबून असते. पुढे गरज वाटल्यास पाचवीत किंवा आठवीत बोर्ड बदलता येते. शिवाय ‘सीबीएसई पॅटर्न’ अशी पाटी लावणे आणि मंडळाची संलग्नता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून संलग्नता क्रमांक मागून तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळावा. दोन्ही शाळांचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही (सरकारी नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक) विचारावा.

अंतराला मात्र मी फार महत्त्व देईन. पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडला जाताना शहर ओलांडावे लागते, आणि थांबे घेत जाणारी बस दुचाकीइतक्या वेळात कधीच पोहोचत नाही. त्यातच २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांची भर आहे. हा वेळ रविवारी गाडी काढून मोजू नये. कामकाजाच्या दिवशी, शाळेच्या वेळेत, बसच्या मार्गाने एकदा जाऊन पाहावे. रोजचे दीड-दोन तास बसमध्ये घालवणाऱ्या मुलीला संध्याकाळी खेळायलाही त्राण उरत नाही, मग घरी पुस्तक उघडणे दूरच.

जवळच्या शाळेलाही सूट देऊ नये. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण आहे. प्रत्यक्ष पट किती, ते विचारावे. गेल्या तीन वर्षांत पहिलीच्या किती शिक्षिका सोडून गेल्या, हा प्रश्न मुख्याध्यापकांना अवघडवेल, तरीही विचारावा. दुसरीतील एखाद्या मुलाची वही पाहायला मिळाली, तर माहितीपत्रक न वाचले तरी चालेल. तपासणी मन लावून होते, की नुसती लाल शाईची रेघ मारलेली असते, हे पाहताक्षणी समजते.

खर्चाचा हिशेब एका वर्षाचा न करता दहावीपर्यंतचा करावा. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते, त्यामुळे मंजूर शुल्काचा तक्ता आणि समितीतील पालकांची नावे मागण्यात काहीही वावगे नाही. गणवेश किंवा वह्या अमुकच दुकानातून घ्याव्यात, अशी सक्तीही शाळेला करता येत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत जवळच्या शाळेकडे झुकते. पण तिथे पट पन्नासच्या पुढे असेल किंवा शिक्षिका वर्षभरही टिकत नसतील, तर इंदिरानगर-सिडको परिसरातील तिसरी शाळा शोधावी. गंगापूर रोडची शाळा निधीचा हट्ट सोडत नसेल, तर प्रवेश घ्या किंवा न घ्या, महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.