फॉर्म्युला वनची गाडी नियमात बसते की नाही, हे ठरतं कसं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : २००९ मध्ये ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांच्या डबल डिफ्यूझरने (डिफ्यूझर म्हणजे गाडीच्या तळाचा मागे वर चढत जाणारा भाग) नव्या नियमांचा हेतूच धाब्यावर बसवला, अशी बाकीच्या संघांची ओरड होती. तरी तो वैध कसा ठरला?

कारण अशा वादात हेतूपेक्षा नियमाचा शब्द भारी पडतो. त्या वर्षी डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) कमी करण्यासाठी डिफ्यूझरची उंची १७५ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली होती. त्या गाड्यांचा तळ दोन पातळ्यांचा असे : मधला पट्टा खाली, बाजूचे भाग त्याच्या ५० मिलिमीटर वर, आणि दोन्हींना जोडणारी उभी भिंत. खालून दिसणाऱ्या पृष्ठभागात भोक नको, असा नियम होता. या तीन संघांनी पृष्ठभागात भोक पाडलंच नाही, दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे फट ठेवली. दोन पृष्ठभागांमधली फट म्हणजे पृष्ठभागातलं भोक नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. फटीतून वर गेलेली हवा मुख्य डिफ्यूझरच्या वरच्या दुसऱ्या मार्गाने मागे निघे, म्हणजे १७५ मिलिमीटरची मर्यादा पाळूनही हवेला पसरायला जास्त जागा मिळे.

मेलबर्नच्या शर्यतीच्या स्टुअर्ड्सनी, म्हणजे पंचांनी, हे मान्य केलं. फेरारी, रेनॉ, रेड बुल आणि बीएमडब्ल्यू अपिलात गेले. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या अपील न्यायालयाने १५ एप्रिल २००९ रोजी अपिलं फेटाळली. आमच्या मते निकाल योग्यच होता, ढिसाळ होती ती नियमाची भाषा. खरी पंचाईत झाली ती मागे राहिलेल्यांची. रेड बुलच्या मागच्या सस्पेन्शनची पुलरॉड (चाकाकडून खाली उतरणाऱ्या दांड्याची) रचना नेमकी त्याच जागेत येत होती, त्यामुळे त्यांचा डबल डिफ्यूझर मोनॅकोला उतरला. तोवर ब्रॉनचा चालक जेन्सन बटनने पहिल्या पाचपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या. २०११ पासून नियम बदलून ही वाट बंद केली.

प्रश्न : रेनॉचा मास डॅम्पर बाद झाला आणि मर्सिडीजचं डीएएस चाललं. फरक काय?

वस्तू नियमाच्या कोणत्या कलमाखाली येते, हा फरक. मास डॅम्पर म्हणजे नाकाच्या आत स्प्रिंगवर टांगलेलं वजन. टायर उसळले की ते उलट दिशेने हलून गाडीचं नाक स्थिर ठेवायचं. हवेला त्याचा स्पर्शही नव्हता. २००६ च्या जुलैमध्ये हॉकेनहाइमच्या स्टुअर्ड्सनी ते वैध ठरवलं, पण स्वतः एफआयए अपिलात गेली. नाक स्थिर राहिलं की हवेचा परिणाम बदलतो, म्हणून हा हलता, म्हणजे नियमाने बंदी असलेला, एरोडायनॅमिक भाग, असा निकाल ऑगस्टमध्ये लागला. ही व्याख्या फार ताणली गेली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डीएएसमध्ये चालक स्टिअरिंग व्हील पुढे-मागे करून पुढच्या चाकांचा टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बदलायचा. हे सस्पेन्शन मानलं तर अवैध, कारण गाडी धावत असताना सस्पेन्शनची मांडणी बदलता येत नाही. स्टिअरिंग मानलं तर वैध. २०२० मध्ये ऑस्ट्रियात रेड बुलने तक्रार केली. स्टुअर्ड्सनी ते स्टिअरिंगचाच भाग ठरवलं. २०२१ च्या नियमांत मात्र चाकांची दिशा फक्त स्टिअरिंग व्हीलच्या फिरण्यावर अवलंबून हवी, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

प्रश्न : एखाद्या संघाला दुसऱ्याच्या गाडीवर शंका असेल तर तो नेमकं काय करतो?

बहुतेक वेळा तक्रार करतच नाही. आपण अशीच रचना करू का, असं एफआयएच्या तांत्रिक विभागाला विचारतो. 'नाही' असं उत्तर टेक्निकल डायरेक्टिव्हमध्ये आलं की ते सगळ्या संघांना जातं आणि नाव न घेता काम होतं. मात्र डायरेक्टिव्ह म्हणजे नियम नव्हे. निर्णय स्टुअर्ड्सचाच. शर्यतीच्या निकालाविरुद्ध तक्रार करायची तर तात्पुरता निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत, लेखी, कोणत्या कलमाचा भंग झाला हे सांगून. स्टुअर्ड्सच्या निर्णयावर अपील करायचं असेल तर इरादा तासाभरात कळवावा लागतो.

प्रश्न : पंख वाकताना टीव्हीवर दिसतात, तरी कारवाई का होत नाही?

न वाकणारा पदार्थच नसतो, म्हणून नियम वजन टांगून मोजतो. २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या पंखावर दोन्ही बाजूंना १०० किलोच्या आसपास भार दिल्यावर १५ मिलिमीटर वाकणं चालत होतं, स्पेनच्या शर्यतीपासून ते १० वर आणलं. फटफजिती इथेच होते : कार्बन फायबरचे थर असे रचता येतात की चाचणीच्या बिंदूवर पंख ताठ राहतो आणि वेगात दुसरीकडे पिळतो. म्हणून एफआयएने हंगामाच्या मध्येही नवी चाचणी लावण्याचा हक्क नियमातच राखून ठेवलाय. कॅमेऱ्यातलं चित्र पुरावा म्हणून अपुरं असलं, तरी पुढची चाचणी कुठे लावायची हे त्यातूनच सुचतं.

प्रश्न : ०.२ मिलिमीटरसाठी मर्सिडीजच्या हॅमिल्टनला पात्रता फेरीतून बाद करणं अन्याय नव्हता का?

नव्हता. २०२१ मध्ये साओ पाउलोला डीआरएस (ओव्हरटेक सोपं व्हावं म्हणून मागचा पंख उघडणारी यंत्रणा) उघडल्यावर मागच्या पंखाच्या दोन भागांमधली फट जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर हवी होती. ८५ मिलिमीटरचं गेज तिथून आत जाता कामा नये. पंखाच्या आतल्या भागात ते गेलं नाही, उजव्या बाहेरच्या भागात गेलं. मुद्दाम केल्याचा पुरावा नाही, हे स्टुअर्ड्सनीही मान्य केलं. पण मापाच्या नियमात हेतू विचारायला लागलो, तर प्रत्येक संघ ०.२ चं कारण तयार ठेवेल.